भांडी ऐकू येतात

संध्याकाळी दुकानातून घरी आलो तेव्हा ओट्यावर दादाचा कप धुऊन पालथा घातलेला होता. दादाला जाऊन दोन महिने होत आले होते आणि त्या जाड बुडाच्या निळ्या कपाला तेव्हापासून कुणी हात लावला नव्हता. मी तर नाहीच, कारण तो असतानाही मला त्या कपातून कधी चहा मिळाला नव्हता. मी आईला विचारलं, कोण आलं होतं. आई खिडकीशी बसली होती, चेहरा उजळलेला. दादाच्या ओळखीचा एक माणूस येऊन गेला म्हणाली. फार गुणी, हळू बोलतो म्हणून स्टूल तिच्या पुढ्यात ओढून बसला. दादाविषयी इतकं चांगलं बोलला की तिलाच त्याला पाणी द्यावं लागलं. दादानं कुठल्याशा फायनान्स कंपनीकडून पैसे घेतले होते, त्यातलं बरंचसं राहिलं आहे म्हणे. मी विचारलं, मग तू काय म्हणालीस? ती म्हणाली, "म्हटलं, देऊ. राहिलंय तर द्यायला नको?" हे ती अशा सुरात म्हणाली, की जणू शेजारणीची वाटी परत करायची राहून गेली होती.

मी कानाच्या मशीनच्या दुकानात काम करतो. गिऱ्हाइकाला काचेच्या खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, आवाज आला की बटण दाबा म्हणायचं आणि तो कुठे दाबत नाही ते टिपायचं. माणसाला काय ऐकू येत नाही यावर माझं पोट आहे. आईच्या दोन्ही कानांमागची मशीन मीच बसवलेली. ती काढली तर तिच्याशेजारी कपाट पडलं तरी ती मान वर करायची नाही. घातली की जिन्यातली पावलंसुद्धा ओळखते, किंवा ओळखायची. दादाची पावलं तर दोन मजले खालूनच. माझी ओळखत असावी, पण त्यासाठी कधी उठून दार उघडून ठेवलेलं मला आठवत नाही.

आमच्या दुकानाच्या वर एक वकील बसतो. तो आमचंच गिऱ्हाईक, डाव्या कानाला मशीन. माझ्याकडून फी घेत नाही आणि तिची वसुली बॅटऱ्यांमध्ये करतो. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे गेलो. त्यानं विचारलं, भाऊ मागे काय ठेवून गेला. मी म्हणालो, मासे ठेवायच्या रिकाम्या काचेच्या पेट्या. मग त्या नेऊ देत त्यांना, तो म्हणाला. गेलेल्या माणसाचं देणं त्याच्या मागे जे उरेल त्यातून जातं, काही उरलं नसेल तर कंपनीनं कपाळाला हात लावून बसायचं. आई म्हणून, भाऊ म्हणून तुमच्याकडे बोट दाखवायचा कुणाला अधिकार नाही. फक्त तुमच्यापैकी कुणी सही करून ते अंगावर घ्यायचं नाही. घेतलंत तर मग मीही काही करू शकत नाही. मी जिना उतरताना मोकळा श्वास घेतला. घर आईच्या नावावर आहे, दोन खोल्या आणि एक अरुंद गॅलरी. वडिलांनंतर ते तिच्या नावावर झालं. तिच्यानंतर दोघा भावांचं व्हायचं होतं, आणि आता दादा आधीच गेल्यामुळे माझ्या एकट्याचं. हे मी मनातसुद्धा हळू आवाजात म्हणायचो. माझं वय पन्नास, लग्न नाही, दुसरीकडे कुठे एक खुंटीही माझी नाही. ते घर गेलं तर मी जाणार कुठे, हा प्रश्न मला कुणी विचारला नसता, म्हणून मीच स्वतःला विचारायचो.

वकील काय म्हणाला ते आईला सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, कायद्याचं काय घेऊन बसलास, तो असता तर त्यानं पैन् पै फेडली असती. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते खोटं नाही. दादा असता तर त्यानं आणखी एकाकडून घेऊन त्यातल्या अर्ध्यात यांचं तोंड बंद केलं असतं आणि उरलेल्यात स्वतःला नवा शर्ट घेतला असता. पण हसायचा असा, की देणाऱ्यालाच वाटावं आपण काहीतरी मिळवलं. शोभेच्या माशांचं दुकान त्यानं काढलं त्या वर्षीची गोष्ट. भर उन्हाळ्यात दिवसभर वीज गेली, पेट्यांमधली हवा बंद पडली आणि संध्याकाळपर्यंत सगळे मासे पोट वर करून तरंगायला लागले. दादा दुकानाच्या पायरीवर डोकं धरून बसला. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आत मी एकटा ते मासे उपसत होतो, घरून आणलेल्या चहाच्या गाळणीनं, बादलीत, नारिंगी आणि रुपेरी आणि काही इतके लहान की जाळीतून पुन्हा निसटायचे. तो वास माझ्या बोटांना कितीतरी दिवस होता. घरी गेल्यावर आई मला म्हणाली, "तुला गाळणीच मिळाली का? आता त्यात चहा कसा गाळायचा?" त्या दिवशी ती मला एवढंच बोलली. मला वाईट वाटलं नाही असं मी तेव्हा ठरवलं होतं. वाईट वाटलं होतं.

तो माणूस पुन्हा आला तेव्हा मी मुद्दाम रजा घेऊन घरी बसलो होतो. त्याचं नाव त्यानं सांगितलं, पण मी त्याला मऊ म्हणायचो, मनात. सगळंच मऊ, बूट, आवाज, बोटं. त्यानं मला नमस्कार केला आणि त्यानंतर माझ्याकडे पाहिलंच नाही. मी वकिलाचं म्हणणं ऐकवलं तर मान डोलावून म्हणाला, अगदी बरोबर आहे साहेब, तुमच्यावर कसलीही जबाबदारी नाही, ते मीच तुम्हाला सांगणार होतो. मग आईकडे वळला. आई, दादा मला म्हणायचे, माझ्या आईला कुणासमोर खाली बघायला लागू नये. एवढंच. आणखी काही मागितलं नाही. आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आवळा देऊन कोहळा काढणारी माणसं मी पाहिली आहेत, पण हा आवळाही दादाच्याच खिशातला काढून देत होता. जाताना दारात बूट घालता घालता तो मला हळूच म्हणाला, आईंच्या मनाला शांती मिळेल अशी एक व्यवस्था आहे, एक छोटा कागद आहे, घरावर फक्त नोंद राहील. मी दार लावलं. आत आई विचारत होती, काय म्हणत होता रे तो? मी म्हणालो, काही नाही. तिनं ऐकलेलं होतं.

त्यानंतर तिचं एकच. देऊ. जेवताना देऊ, केस विंचरताना देऊ. मी ओरडून पाहिलं, हाता-पाया पडून पाहिलं. मी कुठे जाऊ असंही एकदा विचारलं. त्यावर ती म्हणाली, तुझं काय, तू कसाही राहशील. हे तिनं मायेनं म्हटलं असेल. मला ते तसं वाटलं नाही. रजा संपत आली होती, मऊ एखाद्या दुपारी पुन्हा येणार हे नक्की होतं आणि मी दुपारी दुकानात असणार होतो. माझं डोकं काही फार चालत नाही, जे हाताशी असतं तेच सुचतं. मी आईला म्हणालो, मशीन दे, दुकानात नेऊन साफ करून आणतो. तिनं लगेच दोन्ही काढून माझ्या तळहातावर ठेवली. कानातून नुकतीच काढलेली मशीन कोमट असतात. हजारदा हातात घेतली आहेत मी, परक्यांची. आईची त्या दिवशी पहिल्यांदा मला जड वाटली.

दुकानात ती वायरनं संगणकाला जोडली. पडद्यावर एक रेघ येते, तिच्यावर ठिपके असतात. डावीकडचे जाड आवाजांचे, उजवीकडचे बारीक. ठिपका खाली ओढला की त्या पट्टीतला आवाज मरतो. मी मधले सगळे ओढले, माणसाचं बोलणं ज्या पट्टीत असतं ते. बारीक आवाजांचे तसेच ठेवले, नाहीतर तिला वाटलं असतं मशीन बंद पडलं आणि ती शेजारच्या कुणाला घेऊन दुसऱ्या दुकानात गेली असती. पाच मिनिटांचं काम. समोर एक म्हातारा काचेच्या खोलीत बसून वाट पाहत होता, त्याला मी हसून हातानंच थांबा म्हटलं.

पहिले एक-दोन दिवस ती मशीन काढून पुसायची, पुन्हा घालायची, बॅटरी बदलायची. मग मला म्हणाली, "अरे, भांडी ऐकू येतात, नळ ऐकू येतो. माणसं नाही ऐकू येत." मी तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, वय झालं, असंच होतं. ती बराच वेळ हातातल्या चमच्याकडे बघत बसली. मग तिनं तो ताटलीवर वाजवून पाहिला आणि मान हलवली, की हे येतंय. शेजारणीनं जिन्यात थांबवून विचारलं, तुमच्या आईंना हल्ली काय झालंय, बोललं तर नुसत्या हसतात. मी म्हणालो, दादाच्या जाण्यानं. शेजारणीच्या डोळ्यांत पाणी आलं. दादा कुठेही उपयोगी पडायचा, मेल्यावरसुद्धा.

आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं. घर इतकं शांत कधीच नव्हतं. देऊ बंद झालं होतं, कारण कुणी मागितलेलंच तिला ऐकू येत नव्हतं. काही हवं असेल तर तिला माझ्याकडेच बघावं लागायचं, माझ्या ओठांकडे, नजर कमी म्हणून अगदी जवळ येऊन, टक लावून. पन्नास वर्षांत तिनं माझ्या तोंडाकडे इतकं पाहिलं नव्हतं. ती पाठमोरी बसली असली की मी तिच्या मागे उभा राहून बोलायचो, नेहमीच्या आवाजात. तुझा लाडका चोर होता. त्यानं वडिलांचं घड्याळ विकलं आणि तू हरवलं म्हणून सांगितलंस. तो मेला त्या दिवशी मी जिन्यात बसून आधी सुटकेचा श्वास सोडला आणि मग रडलो. एकदा तिला माझी सावली दिसली असावी. ती वळली, माझे ओठ हलताना तिनं पाहिले आणि हसून म्हणाली, "हो रे बाबा, हो." मी तेव्हा पोट धरून हसलो. तिलाही बरं वाटलं, तीही हसली.

एका दुपारी मऊ मला जिन्यात भेटला. मी दुकानातून लवकर निघालो होतो, डोकं दुखत होतं म्हणून. तो खाली उतरत होता, बगलेत चामडी पिशवी. तो माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, तुमच्या आई म्हणजे देवमाणूस. कागद मी वाचून दाखवत होतो, प्रत्येक ओळीला त्या हो म्हणत होत्या. मी विचारलं, घर आहे यात, हे कळलं का, तरी हो म्हणाल्या. समजलं का विचारलं, तरी हो. दोनदा विचारलं साहेब, आमच्याकडे नियम आहे. मग त्यांनी सही केली.

मी तिथेच पायरीवर बसलो. ज्याला ऐकू येत नाही तो माणूस नाही म्हणत नाही. नाही म्हणायचं तर समोरच्यानं काय म्हटलं ते कळावं लागतं. हो म्हणायला काहीच कळावं लागत नाही. आमच्या दुकानात येणारा प्रत्येक जण घरी हो हो म्हणून म्हणून थकलेला असतो. मुलगी विचारते, दुखतंय का, हो. जेवलात का, हो, आणि उपाशी झोपतात. नव्या कामगाराला मी पहिल्या दिवशी हेच सांगतो, गिऱ्हाईक हो म्हणालं म्हणजे त्याला ऐकू आलं असं धरू नका. वीस वर्षं हे सांगत आलो. ऐकू येत होतं तेव्हा आई नुसतं देऊ म्हणत होती, तेही तोंडी. घरावर नोंद वगैरे दारातून कानावर पडलं होतं तेवढंच, ओळ न् ओळ ऐकलं असतं तर कदाचित थबकली असती, मला विचारून सांगते म्हणाली असती. मी तिचे कान काढून घेतले आणि तिच्याकडे फक्त हो उरलं. हात दाखवून अवलक्षण. वर गेलो तर ती खुशीत होती. दुकानातून माणूस पाठवलास ते बरं केलंस म्हणाली, फार वेळ समजावत होता बिचारा, आता मशीन नीट होईल ना? तिला वाटलं होतं तो तिच्या कानांसाठी आला होता. मऊला तिनं ओळखलंही नव्हतं. तिची नजर कमी आहे आणि ती माणसं आवाजावरून ओळखायची.

वकिलानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, रस्ता आहे. सही करणाऱ्याला काय वाचलं ते ऐकूच आलं नसेल तर ती सही टिकत नाही. पण का ऐकू आलं नाही ते सांगावं लागेल. मशीन बिघडलं होतं म्हणालात तर ते दुरुस्तीची तारीख विचारतील. खरं सांगा, तुमच्या संगणकात असेलच, कोणी कधी काय बदललं. मी म्हणालो, आहे. तो म्हणाला, मग कंपनीत जा, आईला घेऊन जा. त्या दिवशी त्यानं बॅटरी मागितली नाही.

कंपनीचं ऑफिस चौथ्या मजल्यावर होतं. व्यवस्थापक एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या, टेबलावर औषधाची पट्टी, चेहऱ्यावर सगळ्यांचं ऐकून आलेला थकवा. मऊ कोपऱ्यात उभा होता. आईला मी शेजारच्या खुर्चीवर बसवलं. ती पदर सावरून सगळ्यांकडे बघून हसली. मशीनमधले ठिपके मी अजून वर नेलेले नव्हते. हे मी मुद्दाम केलं होतं. तिच्यासमोर सांगायचं होतं आणि तिला ऐकू जाऊ द्यायचं नव्हतं, दोन्ही जमेल असा माझा हिशोब होता. मी सगळं सांगितलं. मशीन कुणी बसवली, ठिपके कुणी ओढले, का ओढले. बोलताना माझा आवाज अगदी नेहमीसारखा होता. आई माझ्या बाजूला मान डोलावत होती.

बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, वीस वर्षं मी इथे आहे, लोक आपल्या माणसांविषयी काय काय सांगतात ते ऐकलंय, स्वतःविषयी असं सांगणारे तुम्ही पहिले. मग फायलीतून तो कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "तुमचा संगणक मला बघायचा नाही. आजी म्हणाल्या की ऐकू येत नव्हतं, तर मी हा आत्ता तुमच्यासमोर फाडते. पण आजींनी म्हणायला हवं. त्यांना ऐकू येईल असं करा."

मोबाइलवरूनही ते करता येतं. मी खिशातून तो काढला आणि मधले ठिपके एक एक करून वर नेले. आई दचकली. तिचा हात कानाकडे गेला, मग तिनं पंख्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यात मऊनं घसा साफ केला तेव्हा झटकन त्याच्याकडे. "अगंबाई, तुम्ही," ती त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आलं रे. सगळं आलं." तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता आणि मी खाली फरशीकडे बघत होतो.

बाईंनी तिला सावकाश, एक एक शब्द सुटा करून सांगितलं. दादाचं कर्ज. कागद. घर. ते अंगावर घेतल्याची तिची सही. आणि मग, तुमचे हे चिरंजीव म्हणतात की तुम्हाला काही ऐकू येऊ नये म्हणून यांनीच मुद्दाम तुमच्या मशीनचा आवाज कमी करून ठेवला होता. खरं आहे का? सही केलीत तेव्हा तुम्हाला ऐकू येत नव्हतं का?

आईनं माझ्याकडे पाहिलं. ताटलीवर चमचा वाजवून पाहताना बसली होती तशीच बसली होती, आणि मला वाटतं तेवढ्यात तिला सगळं कळलं, नळ का ऐकू येत होता आणि माणसं का नाही, मी तिच्या पाठीमागे का उभा असायचो तेसुद्धा. मग तिनं पाठ ताठ केली. शाळेत दादाच्या तक्रारी यायच्या तेव्हा ती मास्तरांसमोर अशीच बसायची. मी बाहेर व्हरांड्यात दोघांची दप्तरं धरून उभा असायचो आणि खिडकीतून मला तिची तीच पाठ दिसायची.

"माझा मुलगा असं करायचा नाही," ती बाईंना म्हणाली. "त्याला भावाचं दुःख आहे, काहीतरी बोलतोय. मला सगळं ऐकू येत होतं. समजून सही केलीय मी."

बाई म्हणाल्या, आजी, घर जाईल. ती म्हणाली, कळतंय मला. मग तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. हात थंड होता आणि पकड घट्ट. "सांग ना त्यांना. सांग, तू असं काही केलेलं नाहीस."

सगळे माझ्याकडे बघत होते. कागद टेबलावर तसाच होता, बाईंची दोन बोटं त्याच्या कोपऱ्यावर. मला एवढंच म्हणायचं होतं, केलंय. आधी म्हटलेलंच पुन्हा, आणि डोक्यावरचं छप्पर राहिलं असतं. पण चारचौघांत आईनं माझी बाजू घेतली होती, आयुष्यात पहिल्यांदा, आणि लाज वाटावी इतकी मला ती हवी होती.

"नाही केलं," मी म्हणालो.

बाईंनी कागद परत फायलीत ठेवला आणि फायलीची नाडी बांधली. मऊनं पुढे येऊन आईला उठायला हात दिला, आणि माझं मनगट सोडून तिनं तो धरला.